दोनदा हरलेला, लीगमध्ये चौथा आलेला संघ देशाचा विजेता कसा? ओहायो स्टेटचा २०२४ चा सीझन

प्रश्न विचारणारे गृहस्थ सांगलीचे, क्रिकेटचे दर्दी. मुलीला कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळालाय आणि तिथले सीनियर तिच्याशी बोलताना २०२४ च्या अमेरिकन फुटबॉलच्या सीझनवर आल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचं म्हणणं असं: जो संघ साखळीत दोन सामने हरला, त्यातला एक घरच्या मैदानावर कट्टर वैऱ्याकडून, आणि जो स्वतःच्या लीगमध्ये चौथा आला, तो देशाचा विजेता कसा होतो? आणि झालाच, तर तिथली माणसं अजून त्या एका पराभवावर का कुढतात?

मी ओहायोत शुक्रवारी रात्रीच्या हायस्कूल सामन्यांना अंपायर म्हणून उभा राहतो, बरीच वर्षं झाली. या खेळात रेफरी वेगळा आणि अंपायर वेगळा. रेफरी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, मागे असतो, आणि अंपायर उभा राहतो समोरच्या बाजूला, लाइनबॅकरांच्या, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीच्या, मागे. दोन्ही संघांच्या लाइन एकमेकींवर आदळतात तिथून मी हाकेच्या अंतरावर असतो. त्यामुळे माझी नजर चेंडूवर कमी आणि पुढच्या पाच धिप्पाड माणसांवर जास्त, आणि हे उत्तरही त्याच जागेवरून दिलेलं आहे. नियम बदलले म्हणून ओहायो स्टेटसाठी दार उघडं राहिलं, आणि मोडलेली ऑफेन्सिव्ह लाइन (आक्रमणाची पुढची पाच जणांची फळी) सीझनच्या मध्यावर पुन्हा उभी करता आली म्हणून ते त्या दारातून आत गेले. पैसा, नावाजलेले खेळाडू, मोठे प्रशिक्षक हे सगळं त्यांच्याकडे होतंच. पण ते कट्टर वैरी मिशिगनकडून हरले त्या दिवशीही होतं.

आधी रचना समजून घेऊ. कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात २०२४ साली १३४ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला साखळीत फक्त १२ सामने. एवढ्याशा सामन्यांत कोण कोणापेक्षा सरस हे गुणतक्त्यावरून कळणं शक्यच नाही. बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. म्हणून तिथे १३ जणांची निवड समिती बसते आणि नोव्हेंबरपासून दर आठवड्याला क्रमवारी लावते. २०१३ पर्यंत फक्त पहिले दोन संघ अंतिम सामना खेळायचे. २०१४ ते २०२३ या काळात चार संघांचं प्लेऑफ होतं. त्या दिवसांत एक पराभव म्हणजे धोक्याची घंटा आणि दोन म्हणजे जवळपास गाशा गुंडाळणं. २०२४ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ आले: पाच कॉन्फरन्सचे विजेते आणि उरलेले सात समितीच्या पसंतीचे.

कॉन्फरन्स म्हणजे लीगच समजा. ओहायो स्टेटची कॉन्फरन्स बिग टेन. नावात दहा असले तरी त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावरचे चार संघ आल्यामुळे त्यात अठरा संघ झाले होते. तिथे ओरेगन अपराजित राहून पहिला, पेन स्टेट दुसरा, इंडियाना तिसरा आणि ओहायो स्टेट चौथा. लीगचा अंतिम सामना पहिल्या दोघांत, म्हणजे ओहायो स्टेट त्यातही नाही. पण समितीच्या शेवटच्या राष्ट्रीय क्रमवारीत ते सहावे होते. चार संघांच्या जुन्या पद्धतीत सहाव्या क्रमांकाचा संघ घरी बसून टीव्ही बघतो. बारांच्या पद्धतीत त्याला जागा मिळते. तुम्ही क्रिकेटवाले आहात, २००९ चं आयपीएल आठवा: डेक्कन चार्जर्स साखळीत चौथे होते आणि करंडक त्यांनीच नेला. तेव्हा तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नसेल. अमेरिकेत मात्र शंभर वर्षं ‘साखळीतला प्रत्येक शनिवार म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न’ हीच सवय होती, म्हणून जुन्या लोकांना हे पचायला जड जातं.

आता संघ. प्रशिक्षक रायन डे, २०१९ पासून मुख्य. त्यांच्या हाताखाली आक्रमणाचं नियोजन करायला चिप केली आले. हे केली यूसीएलएचं मुख्य प्रशिक्षकपद सोडून आले, म्हणजे साहेब होते ते दुसऱ्याच्या ऑफिसात रुजू झाले. डे न्यू हॅम्पशायरमध्ये क्वार्टरबॅक होते तेव्हा केली त्यांना शिकवायचे, त्यामुळे गुरू शिष्याच्या हाताखाली असा तो मामला होता. बचाव जिम नोल्स यांच्याकडे. खेळाडूंपैकी बरेच जण व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, जाऊ शकत होते, तरी चौथ्या वर्षासाठी थांबले: जॅक सॉयर, जे. टी. तुइमोलोआउ, एमेका एगबुका, ट्रेव्हिऑन हेंडरसन. बाहेरून आणलेलेही दमदार. क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून, सेफ्टी (बचावातला सर्वांत मागचा गडी) केलेब डाउन्स आणि सेंटर सेथ मॅक्लॉफलिन अलाबामाहून, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीहून. आणि फ्लोरिडातून आलेला, अजून विशीही न गाठलेला रिसीव्हर (पास झेलणारा) जेरेमाया स्मिथ.

हे सगळं फुकट होत नाही. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात, आणि २०२४ पासून कितीही वेळा विद्यापीठ बदलता येतं. विद्यापीठाचे अॅथलेटिक डायरेक्टर रॉस ब्योर्क यांनी या संघाचा खर्च सुमारे २ कोटी डॉलर असल्याचं उघडपणे सांगितलं होतं. ‘विकत घेतलेला करंडक’ ही टीका तेव्हापासून चिकटली. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे. पैशाने आणलेली माणसं कामाला आली हे खरंच. पण जिथे संघ मोडायला आला तिथे तो ज्या माणसाने सावरला, तो पहिल्या वर्षापासून याच विद्यापीठात होता. त्याच्याकडे येतोच.

पहिले पाच सामने म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची नुसती धूळधाण. अॅक्रन ५२-६, वेस्टर्न मिशिगन ५६-०, मार्शल ४९-१४, मिशिगन स्टेट ३८-७, आयोवा ३५-७. वेस्टर्न मिशिगनचा सामना ७ सप्टेंबरच्या शनिवारी संध्याकाळी होता आणि त्याच दिवशी गणेश चतुर्थी. कोलंबसमधल्या मराठी घरांत आरती आधी की किकऑफ आधी यावर चर्चा झाली नसेल तर नवल. या सामन्यांतून फारसं काही कळत नाही, पुढे जाऊ.

१२ ऑक्टोबरला ओरेगनच्या मैदानावर, युजीन शहरात. ओहायो स्टेट ३१-३२ असं एका गुणाने हरलं. या सामन्यात दोन गोष्टी घडल्या आणि चर्चा चुकीच्या गोष्टीची जास्त झाली.

चर्चा झाली ती शेवटच्या दहा सेकंदांची, आणि पंच म्हणून मलाही तिचा मोह आवरत नाही. चेंडू ओहायो स्टेटकडे, पिछाडी एका गुणाची. फील्ड गोलच्या (चेंडू लाथेने खांबांमधून मारायचा, तीन गुण) टप्प्यात यायला थोडे यार्ड हवेत. ओरेगनने टाइमआउट घेतला आणि परत आले ते अकराऐवजी बारा जण घेऊन. जास्तीचा एक माणूस म्हणजे पास अडवायला आणखी दोन हात. पास पडला, चार सेकंद गेली. पंचांनी झेंडा टाकला, ओरेगनला पाच यार्डांचा दंड झाला. पण तेव्हाच्या नियमात गेलेली सेकंद परत मिळत नव्हती. ज्याच्याकडे दहाच सेकंद आहेत त्याला पाच यार्ड देऊन चार सेकंद घेणं हा बचावाच्या दृष्टीने मस्त सौदा. पुढच्या प्लेला हॉवर्ड स्वतः धावला, घसरून खाली बसला, तोवर घड्याळात शून्य. ओरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी नंतर हे ठरवून केल्याचं सूचित केलं. मला त्यात अनैतिक काही दिसत नाही. नियमपुस्तक वाचणं हे प्रशिक्षकाचं कामच आहे. त्याच आठवड्यात नियमाचा अर्थ बदलण्यात आला: शेवटच्या दोन मिनिटांत बारा माणसं खेळली तर आक्रमण करणाऱ्याला घड्याळ मागे नेण्याचा पर्याय मिळेल. आम्हा पंचमंडळींत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

पण सीझनच्या दृष्टीने महत्त्वाची घटना त्याच्या आधी घडून गेली होती. डावा टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा त्या सामन्यात गेला आणि त्याचं वर्षच संपलं.

इथे जरा थांबतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, हे खेळाचं मूळ गणित. त्या प्रत्येक प्रयत्नाला पुढे पाच जण ओळीत बसतात: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. हे पाच जण चेंडू पकडत नाहीत, फेकत नाहीत, बहुतेक प्रेक्षकांना त्यांची नावंही ठाऊक नसतात. त्यांचं काम दोन प्रकारचं: धावणाऱ्यासाठी वाट करणं, नाहीतर फेकणाऱ्याला तीनेक सेकंद मोकळी देणं. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर फेकताना त्याची पाठ डावीकडे होते. त्या बाजूने येणारा त्याला दिसत नाही. त्याला अडवणारा तो डावा टॅकल. बाहेरून येणारा गडी साधारण एकशेदहा-वीस किलोचा आणि पळायला चपळ असतो. टॅकलला त्याच्यासमोर मागे सरकत, पाय न अडखळू देता, छातीवर हात ठेवून उभं राहायचं असतं. गार्डचं काम याहून वेगळं. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, जागा अरुंद, आणि झुंज असते ती सरळ ताकदीची. गार्डला टॅकलच्या जागी नेलं की त्याला एकदम मोकळ्या रानात उभं केल्यासारखं होतं. हात, पाय, कोन, सगळं नव्याने बसवावं लागतं, आणि ते उन्हाळ्याच्या सरावात बसवायचं असतं, ऑक्टोबरमध्ये नाही.

२६ ऑक्टोबरला नेब्रास्काविरुद्ध सिमन्सच्या जागी झेन मिखाल्स्की उतरला आणि तोही जखमी झाला. ओहायो स्टेट घरच्या मैदानावर २१-१७ असं कसंबसं सुटलं. धावून यार्ड निघेचनात. पुढचा सामना पेन स्टेटच्या मैदानावर, लाखाहून जास्त प्रेक्षकांपुढे, आणि समोर अब्दुल कार्टर. हा कार्टर पुढे एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे) तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, यावरून काय ते समजा.

तेव्हा प्रशिक्षकांनी डावा गार्ड डॉनोव्हन जॅक्सनला टॅकलच्या जागी हलवलं आणि त्याच्या जागी कार्सन हिन्झमनला आणलं. जॅक्सन कॉलेजमध्ये आल्यापासून गार्ड म्हणूनच नावाला आला होता. एनएफएल डोळ्यांपुढे असलेला मुलगा अशा वेळी नकारघंटा वाजवू शकतो, कारण नव्या जागी हसं झालं तर ड्राफ्टमधली किंमत उतरते. तो हलला. २ नोव्हेंबरचा तो पेन स्टेटचा सामना ओहायो स्टेटने २०-१३ ने जिंकला. पेन स्टेटला ओहायो स्टेटच्या तीन यार्डांवरून चार प्रयत्न मिळाले होते. तीनदा धावून ते एका यार्डापर्यंत आले आणि चौथा पास पडला. ते लोकांच्या लक्षात राहिलं. माझ्या लक्षात राहिलं ते त्यानंतरचं. घड्याळात पाच मिनिटं आणि वर काही सेकंद, चेंडू स्वतःच्या गोलरेषेला चिकटलेला, आणि ओहायो स्टेटने पेन स्टेटला चेंडू परत दिलाच नाही. धाव, धाव, पुन्हा धाव, घड्याळ संपेपर्यंत. आठवड्यापूर्वी ज्या लाइनला नेब्रास्काविरुद्ध यार्ड मिळत नव्हते तीच ही लाइन. माझ्या मते सीझनचा निकाल या पाच मिनिटांत लागला, फक्त तो कळायला जानेवारी उजाडला.

पर्ड्यूवर ४५-०. मग नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ३१-७, तेही शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर, कारण यजमानांचं स्टेडियम पाडून नवं बांधणं चालू होतं. मग तोवर अपराजित असलेल्या इंडियानावर ३८-१५. पण इंडियानाच्या सामन्याच्या आठवड्यातच सरावात सेंटर मॅक्लॉफलिनच्या टाचेची शीर तुटली. देशातल्या सर्वोत्तम सेंटरला दिली जाणारी रिमिंग्टन ट्रॉफी त्या वर्षी त्यालाच मिळाली, आणि ती मिळाली तेव्हा तो खेळू शकत नव्हता. हिन्झमन गार्डवरून सेंटरला सरकला, गार्डच्या जागी आणखी नवे चेहरे. म्हणजे डाव्या अंगाचे तीन गडी महिन्याभरात दोनदा बदलले.

मग ३० नोव्हेंबर. मिशिगन.

मिशिगन त्या वर्षी साधारण संघ होता: ६ विजय, ५ पराभव, क्रमवारीत नाव नाही, सट्टेबाजांच्या हिशेबी वीसेक गुणांनी मागे. त्यांचे दोन मोठे खेळाडू, विल जॉन्सन आणि कोल्स्टन लव्हलँड, मैदानात नव्हते. त्यांच्याकडे एकच गोष्ट अव्वल होती: बचावफळीच्या मध्यभागी मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन पहाड. आणि ओहायो स्टेटकडे एकच गोष्ट कच्ची होती: तोच मधला भाग, जिथे सेंटर आठवड्यापूर्वी बदललेला. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? चेंडू कडेला नेईल, स्मिथ आणि एगबुकाकडे फेकेल. ओहायो स्टेटने काय केलं? मधोमध धावत राहिले. २६ वेळा धावून ७७ यार्ड. स्मिथला पाच पास मिळाले, सगळे मिळून ३५ यार्ड. भिंतीला धडका मारणं चालूच. ‘यंदा मिशिगनला ताकदीनेच हरवायचं’ हा हट्ट त्यामागे होता असं मला त्या प्लेकडे पाहून वाटतं; तीन वर्षं लागोपाठ हरल्यावर, तुम्ही नाजूक आहात हे ऐकून ऐकून माणूस असा हट्टाला पेटतो. हॉवर्डचे दोन पास मिशिगनने पकडले. जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल हुकले. ४५ सेकंद उरली असताना मिशिगनच्या डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला. १३-१०.

सामना संपल्यावर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, सॉयरने तो हिसकावला, धक्काबुक्की झाली, पोलिसांनी मिरपूड फवारली. बिग टेनने दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड ठोठावला. डे यांना हाकला अशी ओरड सुरू झाली आणि ब्योर्क यांना आपण प्रशिक्षकाच्या पाठीशी असल्याचं जाहीर सांगावं लागलं.

यापुढे तीन आठवडे सामना नाही. लीगच्या अंतिम सामन्यात नाही, म्हणजे एक सामना कमी, एक मार कमी, आणि लाइनला एकत्र सराव करायला वेळ. पराभवाचा हा एक फायदा झाला, कुणी कबूल करो न करो.

प्लेऑफमध्ये आठवं मानांकन मिळालं. क्रमवारीत सहावे असून आठवे का, तर त्या वर्षी पहिली चार मानांकनं कॉन्फरन्स विजेत्यांसाठीच राखीव होती आणि त्यात बॉइझी स्टेट व अॅरिझोना स्टेट वर सरकले. याची सर्वांत मोठी शिक्षा कुणाला झाली? पहिल्या मानांकनाच्या, अपराजित ओरेगनला. पहिली फेरी त्यांना माफ, आणि दुसऱ्या फेरीत थेट ओहायो स्टेट. मला हे ओरेगनवर अन्यायकारकच वाटलं. त्या चारही संघांनी, ज्यांना पहिल्या फेरीत विश्रांती मिळाली होती, आपापला पहिलाच सामना गमावला. पुढच्या वर्षी मानांकनाचा हा नियम बदलून सरळ क्रमवारीप्रमाणे करण्यात आला.

२१ डिसेंबरला कोलंबसला कडाक्याच्या थंडीत टेनेसी आलं. स्टेडियममध्ये त्यांचा नारिंगी रंग डोळ्यांत भरावा इतका होता, कारण नाराज झालेल्या स्थानिकांनी तिकिटं विकून टाकली होती. आणि ओहायो स्टेटने पहिल्याच चढाईत स्मिथकडे ३७ यार्डांचा पास टाकून टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेला. पहिल्या क्वार्टरअखेर २१-०, शेवटी ४२-१७. तीन आठवड्यांत खेळाडू बदलले नव्हते, बदललं होतं ते धोरण: आधी फेका, बचावफळी मागे सरकली की मग धावा. जॅक्सन डाव्या टॅकलवर आता तिथलाच वाटत होता.

१ जानेवारी २०२५, दुसरी फेरी, रोझ बोल, पुन्हा ओरेगन. दुसऱ्या क्वार्टरमध्ये धावफलक ३४-०. ऑक्टोबरमध्ये ज्यांनी एका गुणाने हरवलं त्यांच्यावर ही वेळ. शेवटी ४१-२१. स्मिथचे १८७ यार्ड. मिशिगनविरुद्धचे ३५ आठवताहेत ना? मुलगा तोच, हात तेच.

टेक्सासविरुद्ध कॉटन बोलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, ते इतकं सोपं गेलं नाही. टेक्सासने स्मिथला दुहेरी पहाऱ्यात ठेवलं. त्याच्या वाट्याला अख्ख्या सामन्यात एक पास आणि तीन यार्ड आले. मध्यंतराला काही सेकंद असताना हेंडरसनला छोटा स्क्रीन पास मिळाला आणि तो ७५ यार्ड पळाला. स्क्रीनमध्ये लाइनमन मुद्दाम प्रतिस्पर्ध्याला आत येऊ देतात आणि स्वतः पुढे निघून धावणाऱ्याची वाट मोकळी करतात. बघायला साधं, वेळ साधायला महाकठीण. शेवटी २१-१४ असताना टेक्सास ओहायो स्टेटच्या एका यार्डावर होतं. एक यार्ड! त्यांनी चेंडू कडेला टाकला आणि केलेब डाउन्सने सात यार्ड मागे नेऊन पाडलं. चौथ्या प्रयत्नाला सॉयरने क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या हातातून चेंडू उडवला, उचलला आणि ८३ यार्ड धावत टचडाउन केला. २८-१४. हे दोघं २०२१ साली ओहायो स्टेटमध्ये रूममेट होते. सॉयर कोलंबसच्या शेजारच्या पिकरिंग्टनचा, म्हणजे अगदी गावचाच मुलगा.

२० जानेवारीला अटलांटात अंतिम सामना, नोत्र दामविरुद्ध. त्यांचे प्रशिक्षक मार्कस फ्रीमन हे स्वतः ओहायो स्टेटचे माजी खेळाडू. नोत्र दामने पहिलीच चढाई अठरा प्लेंची केली, पावणेदहा मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवला आणि टचडाउन केला. त्या चढाईत क्वार्टरबॅक रायली लेनर्ड एवढ्या वेळा धावला की तो बाजूला जाऊन ओकला. त्यानंतर ओहायो स्टेटने पहिल्या चारही चढायांत टचडाउन केले. हॉवर्डचे सुरुवातीचे तेराच्या तेरा पास झेलले गेले. ३१-७ झालं. नोत्र दाम चिवटपणे ३१-२३ पर्यंत आलं. तिसरा डाऊन (प्रयत्न), अकरा यार्ड हवेत, अडीच मिनिटं बाकी. धावून घड्याळ चालू ठेवणं हा सुरक्षित मार्ग होता, नोव्हेंबरमधला संघ बहुधा तेच करता. त्यांनी लांब फेकलं. स्मिथ, ५६ यार्ड. फील्डिंगने फील्ड गोल मारला आणि ३४-२३ वर सामना संपला.

आता कुढण्याचं कारण. मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला फुटबॉलच्या पँटच्या आकाराचं छोटंसं सोन्याचं पदक मिळतं. त्याला ‘गोल्ड पँट्स’ म्हणतात आणि ही प्रथा १९३४ पासूनची आहे. सॉयर, तुइमोलोआउ, एगबुका, हेंडरसन, जॅक्सन हे सगळे २०२१ ला दाखल झाले, त्या चारही वर्षांत मिशिगनकडून हरले. म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची अंगठी त्यांच्याकडे आहे आणि ते पदक एकाकडेही नाही. अंगठी देशभर मिरवता येते, पण गावातल्या कट्ट्यावर पदकाबद्दल विचारणारा कुणीतरी भेटतोच. तुमच्या मुलीला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कँपसवरच्या पाट्यांवर प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल फुली दिसेल, ते त्यासाठीच. मिशिगनचं नावही तिथे कुणी घेत नाही, ‘वरच्या अंगाची ती टीम’ म्हणतात. आणि रस्त्यात अनोळखी माणसाने ‘ओ-एच’ अशी आरोळी दिली तर घाबरायचं नाही, ‘आय-ओ’ म्हणायचं.

तो संघ आता उरलेला नाही. त्यातले चौदा खेळाडू २०२५ च्या ड्राफ्टमध्ये निवडले गेले. जॅक्सन पहिल्या फेरीत चोविसावा, मिनेसोटाकडे, आणि त्याला पुन्हा गार्डच केलं. सिमन्सला गुडघ्यासकट कॅन्सस सिटीने पहिल्याच फेरीत घेतलं. केली एनएफएलमध्ये गेले, नोल्स पेन स्टेटला. डे यांना नोव्हेंबरमध्ये हाकला म्हणणाऱ्या गावाने फेब्रुवारीत वर्षाला सव्वा कोटी डॉलरचा नवा करार बघितला.

मुलगी पहिल्यांदा सामना बघायला जाईल तेव्हा तिला सांगा, पहिला क्वार्टर चेंडूच्या मागे धावू नकोस, काही समजणार नाही. स्नॅपच्या, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो त्या, क्षणी डाव्या टोकाला बसलेल्या गड्याकडे बघ. तो पुढे झेपावला तर धाव आहे, मागे सरकला तर पास. दहा-बारा प्लेंनंतर तिला शेजारी बसलेल्या जुन्या प्रेक्षकाच्या आधी कळायला लागेल.